सरबताची कैफियत

औशाच्या उन्हाळ्याविरुद्ध दरखास्त नेमकी कोणत्या कचेरीत गुदरावी, याचा शोध आमचे आजोबा सेवानिवृत्तीनंतरही घेत असत. निजामी अमदानीत तहसील कचेरीत पेशकारी करून ज्यांनी आपली सारी उमेद दप्तराच्या रुमालांत बांधून ठेवली, त्या या गृहस्थांची अशी दृढ श्रद्धा होती की, जगातील प्रत्येक आपत्तीस एक दाखल क्रमांक असतो, एक जबाबदार अंमलदार असतो, आणि हा अंमलदार नेमका त्याच आठवड्यात रजेवर असतो. वैशाख लागला, काळ्या रानाला पाय मावेल एवढ्या भेगा पडल्या, माळवदावरची पांढरी माती रात्र पडली तरी ऊन ओकू लागली, म्हणजे ते ओटीवर उघड्या अंगाने बसून विंझणवाऱ्याच्या तालावर सर्व अंमलदारांचा यथायोग्य उद्धार करीत. आणि उद्धार करून घसा कोरडा पडला, की अपिलाचे अखेरचे न्यायालय म्हणून माजघराच्या दिशेने एकवार खाकरत. त्या खाकरण्याचा अर्थ माजघरास उत्तम कळे, परंतु मंजुरी तेथूनही तत्काळ मिळत नसे. सरबत हा आमच्या घरी सर्वस्वी आजीच्या अखत्यारीतला विषय होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान हे १९११ पासून १९४८ पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षे, गादीवर होते. आजीने त्यांना या बाबतीत सहज मागे टाकले, आणि तिच्याविरुद्ध पोलीस ॲक्शन करण्याची प्राज्ञा कोणत्याही सरकारास झाली नाही.

औसा हे लातूरपासून विसेक किलोमीटरवरचे गाव भुईकोट किल्ल्याच्या आश्रयाने वाढलेले आहे. मलिक अंबराने हा किल्ला राखला, आणि १६३६ साली उदगीर व औसा हे दोन्ही किल्ले मोगलांनी हस्तगत केले, एवढे इतिहासकार सांगतात. तथापि दर वैशाखात आमच्या वाड्याला जो वेढा पडे, त्याची नोंद एकाही तवारिखेत आढळत नाही. हा वेढा बार्शी लाइट रेल्वेने येई. अडीच फूट रुंदीच्या रुळांची ही गाडी निजामांच्या राज्यारोहणाच्याच वर्षी, १९११ साली, लातूरला येऊन पोहोचली, आणि १९२७ साली तिची दुसरी बाजू मिरजेला जाऊन भिडली. त्यामुळे मिरजेस दिलेल्या आत्याला माहेरी न येण्यास एकही सबब उरली नाही. आत्या, आत्याचे यजमान, पुण्यास शिकणारे धाकटे काका, बिदरचे मामा, आणि त्या सर्वांच्या मागून येणारी, नेमकी कोणाची ते दुसऱ्या दिवशी उलगडणारी पाच-सहा लेकरे, एवढा फौजफाटा लातुरास उतरून मोटारीने औशास दाखल होई. आत्या पोरांच्या हातावर खाऊला म्हणून कलदार नाणे ठेवी, आणि आमचा गणिताचा अभ्यास त्या क्षणी सुरू होई; कारण निजामी चलनाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी चलनाचे सुमारे सहा कलदार, हा हिशेब शाळेत कधी न जमणाऱ्या पोरालादेखील पेढीवाल्याच्या ओट्यावर बिनचूक जमत असे.

पाहुणे आले म्हणजे सरबत झाले पाहिजे, आणि सरबत म्हणजे लिंबू, अशी जी सार्वत्रिक समजूत आहे ती सुपीक मुलखांत ठीक असेल. औशात सरबताचा आरंभ पाण्यापासून होत असे. आमच्या वाड्यातील आडाचे पाणी मचूळ. त्यात भांडी घासावी, म्हैस धुवावी, फार तर नको असलेल्या पाहुण्यास पाय धुण्यास द्यावे. पिण्याचे गोडे पाणी गल्लीच्या टोकाच्या आडावरून येई, आणि तेही खरोखर गोडे आहे किंवा कसे याची आजीजवळ एक निर्विवाद कसोटी होती: ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही त्या पाण्यात लिंबू वाया घालवू नये. रसायनशास्त्राचे पदवीधर यास पाण्याचे काठिण्य म्हणतात. आजी त्यास 'बेइमान पाणी' म्हणत असे. कसोटीस उतरलेले पाणी रांजणात भरले जाई, त्यात वाळ्याची जुडी सोडली जाई, आणि त्या रांजणाजवळ फिरकण्याचा हक्क घरातील इतर सर्वांस विनापरवाना निषिद्ध होई.

पाण्यानंतर पाळी पितळेची. पितळेच्या भांड्यास कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकतो, हे ठाऊक असल्यामुळे कल्हईवाला आमच्याकडे पाहुण्यांच्या आधी येई. अंगणात खड्डा खणून, भाता लावून, तापलेल्या पातेल्यात नवसागराचा धूर आणि कथलाची पांढरी लाट उठविणारा हा कलावंत आम्हां पोरांच्या दृष्टीने साऱ्या उन्हाळ्याचा उद्घाटक असे. आजोबांची मात्र त्याच्याशी दरवर्षी मजुरीच्या दरावरून एक दीर्घ वाटाघाट होई, आणि ती नेहमी मागील वर्षीच्या दरावर येऊन थांबे, ज्यात दोघांचाही विजय झालेला असे.

आता लिंबू. आमच्या परसात कागदी लिंबाचे एक झाड होते, आणि त्याचा स्वभाव या जातीच्या सर्व झाडांचा असतो तोच होता. म्हणजे, ज्या पावसाळ्यात लिंबाकडे कोणी ढुंकून पाहत नाही त्या पावसाळ्यात फांद्या वाकेपर्यंत फळे द्यावयाची, आणि वैशाखात, जेव्हा बाजारात एकेका लिंबाचा भाव वधारलेला असतो, तेव्हा काटे तेवढे दाखवावयाचे. बागाईतदार ज्यास हस्त बहार म्हणतात, तो बहार पावसाळ्याअखेर धरला तर उन्हाळ्यात फळ हाती येते. परंतु त्यासाठी त्याआधी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि ऐन पावसाळ्यात झाडाने पाणी पिऊ नये असा हुकूम बजावणे आजीच्याही सत्तेबाहेरचे होते. पुढे १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि कालांतराने तेथील शास्त्रज्ञांनी कागदी लिंबाच्या 'विक्रम' आणि 'प्रमालिनी' अशा दोन जाती काढल्या. ही नावे प्रथम ऐकली तेव्हा एखाद्या संगीत नाटकातील नायक-नायिका झाडावर लटकत असल्याचा मला भास झाला. परंतु तोपर्यंत आमच्या परसातील झाड आपला मनस्वी कारभार आटोपून वठले होते.

झाडावर विसंबून राहणे परवडणारे नसल्यामुळे आजी थंडीतच तजवीज करून ठेवी. लिंबे आडवी चिरावयाची, उभी नव्हे, कारण आडव्या चिरेत रसाचे सर्व कप्पे एकदम उघडे पडतात; पिळताना सालीवर जुलूम करावयाचा नाही; आणि बी तर रसात क्षणभरही राहू द्यावयाचे नाही, कारण बी चेचले किंवा रसात पडून राहिले की सारा रस कडू होतो. ही कलमे इतकी कडक होती की, त्यांची अंमलबजावणी फक्त सुनांकडे सोपविलेली असे. एका वाटी रसास दोन वाट्या साखर, चिमूटभर मीठ, असे चिनी मातीच्या बरणीत भरून, वर दादरा बांधून ती बरणी माळवदावर उन्हात ठेवावयाची, आणि लाकडी पळीने रोज हलवून साखर सूर्याकडूनच विरघळवून घ्यावयाची. ज्या सूर्याविरुद्ध आजोबा ओटीवर बसून कैफियत मांडत, त्याच सूर्यास आजीने माळवदावर बिनपगारी कामास लावले होते, हे आजोबांच्या लक्षात कधी आले नाही. आले असल्यास त्यांनी ते कोठे नमूद केले नाही.

लिंबाचे महत्त्व ओळखण्यात सरकारे नेहमीच मागे पडतात. जेम्स लिंड नावाच्या एका ब्रिटिश नाविक वैद्याने १७४७ साली सॉल्सबरी नावाच्या जहाजावर स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले, दोघादोघांस निरनिराळे उपचार दिले, आणि ज्या दोघांस संत्री व लिंबे मिळाली ते झपाट्याने सुधारले हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. यानंतर सर्व नौदलास लिंबाचा रस देण्याचा हुकूम निघाला तो १७९५ साली! मधली अठ्ठेचाळीस वर्षे ही फाइल कोणत्या मेजावरून कोणत्या मेजावर गेली असेल याचे चित्र आजोबा डोळे मिटून रंगवीत, आणि त्यांच्या मुद्रेवर एक प्रकारचा व्यावसायिक आदर पसरे. आजीचा अभिप्राय निराळा होता. "अठ्ठेचाळीस वर्षं?" ती म्हणे, "तोवर बिचारी लेकरं कामून ताटकळत ठेवली म्हणते मी?"

सरबत वाटण्याची पद्धत हा मात्र एक संपूर्ण राज्यकारभार होता. आत्याचे यजमान हे जावई. त्यांस चांदीचा पेला, केशराच्या चार काड्या, वेलचीची पूड, आणि साखर सढळ हाताने. आजोबांस व मामांस कल्हईच्या फुलपात्रात, केशर वर्ज्य परंतु वेलची मंजूर. पुण्याच्या काकांस, ते आजारपणातून उठलेले असोत वा नसोत, 'हडकलं लेकरू' या सदराखाली एक पेला जादा. त्यानंतर आम्हां पोरांची रांग. येथे बरणीतील रसाचे मान पोरांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात घटत जाई, आणि रांगेच्या शेपटास उभे राहणाऱ्यास लिंबाची वार्ता तेवढी मिळे. या क्रमास हरकत घेण्याचा आमच्यापैकी एकाने प्रयत्न केला तेव्हा त्याची उचलबांगडी होऊन तो रांगेच्या अखेरीस रुजू करण्यात आला. सर्वांत शेवटी, भांडी विसळावयास घेण्यापूर्वी, माजघरात सुनांचे सरबत होत असे. ते कोणी पाहिले नव्हते. होत असे, असा आमचा समज होता.

गावात चक्रीभजनासाठी प्रसिद्ध असलेले नाथ संस्थान आहे, जुनी जामा मशीद आहे, आणि आमच्या गल्लीत तर दोन्हींकडची घरे एकमेकांस पाठ लावून उभी होती. आजोबांचे कचेरीतील जुने सहकारी, ज्यांस सारे नाझरसाहेब म्हणत, तेथेच राहत. १९५३-५४ च्या सुमारास रमजान ऐन मे महिन्यात आला होता. अशा उन्हात दिवसभर पाण्याचा थेंब न घेता बसणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थांविषयी आजीस पराकाष्ठेचा आदर वाटे, आणि परसातली असोत वा बाजारातली, लिंबांची एक परडी रोज दुपारी त्यांच्याकडे रवाना होई. तिकडून खजूर येत. लिंबास विटाळ नव्हता, खजुरास नव्हता. पेल्यास मात्र होता. नाझरसाहेब आमच्या ओटीवर आले की त्यांच्यासाठी कोनाड्यात निराळा ठेवलेला काचेचा पेला निघे, आणि आजोबा त्यांच्या ओट्यावर गेले की आजोबांचे नेमके नुकतेच जेवण झालेले असे. दोघेही आयुष्यभर एका मेजावर बसले, एका उर्दूत त्यांनी हजारो शेरे मारले, आणि या एका कलमाविषयी दोघांनीही कधी चकार शब्द काढला नाही. आम्ही पोरे मात्र संध्याकाळी तिकडे जाऊन सबजा घातलेले थंड सरबत पोटभर पिऊन, तोंड पुसून येत असू. सबज्याचे एखादे काळे बी ओठास चिकटलेले राहिलेच तर आजी ते पदराने टिपून टाकी, आणि पुरावा नष्ट करून चौकशी दप्तरी दाखल करी.

अशा या सुस्थिर राज्यात क्रांती झाली ती पुण्याच्या काकांमुळे. एका वर्षी ते लाकडी बादलीत बसणारा, दांडा फिरविण्याचा आइस्क्रीमचा पॉट घेऊन उतरले आणि त्यांनी जाहीर केले की, सरबत ही जुन्या युगातील वस्तू असून या घरात आता लिंबाचे आइस्क्रीम होईल. बर्फ लातूरहून आणविला गेला. लाकडाच्या भुशात घोळून, तरटात गुंडाळून, मोटारीच्या टपावर बांधलेली ती लादी लातूर सोडताना काय वजनाची होती हे पावतीवर लिहिलेले होते. औशास उतरवून घेतलेला ऐवज पावतीशी ताडून पाहताना आजोबांनी 'तूट : नैसर्गिक' असा शेरा मारला. बर्फात खडेमीठ घातले म्हणजे बर्फ भराभर वितळू लागतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता आसपासच्या पदार्थांतूनच ओढून घेतो, आणि मिश्रणाचे तापमान शून्याखाली थेट उणे एकवीस अंशांपर्यंत जाऊ शकते, हे काकांनी आम्हांस दांडा फिरवीत समजावून सांगितले. बादली हलू नये म्हणून तिच्यावर पोते टाकून एका धष्टपुष्ट भावंडास बसविण्यात आले. उणे एकवीस अंशांचा सर्वांत विश्वासार्ह अनुभव त्यालाच आला. सर्व काही शास्त्रोक्त चालले होते, परंतु काकांनी आटवलेल्या दुधात लिंबाचा रस ओतला होता, आणि दूध व लिंबू यांचे परस्परसंबंध पुण्यातही औशासारखेच आहेत, हे ते विसरले होते.

झाकण उघडले तेव्हा आत एकीकडे गुठळ्या आणि दुसरीकडे हिरवट पाणी, असे विभक्त कुटुंब नांदत होते. आजी चष्मा लावून बराच वेळ आत पाहत राहिली.

"काय करायलास रे बाळा?" तिने विचारले. "बर्फ करायलास का दूध नासवायलास?"

"आई, प्रयोग म्हटला की—"

"प्रयोग होय? मग ठीक. मला वाटलं आईस्क्रीमच करायलास."

गुठळ्या फडक्यात बांधून खुंटीस टांगल्या गेल्या, आणि साखर घालून घोटलेली त्यांची बर्फी रात्री जेवणात 'बंगाली मिठाई' या नावाने उजागरीने वाढण्यात आली. पॉट धुऊन घेऊन आजीने स्वतःच्या हाताने बरणीतील पाक, रांजणातील पाणी आणि किंचित सैंधव त्यात ओतले आणि काकांस म्हणाली, "फिरव." पाऊण तासाने जे बाहेर निघाले, ते खिसलेल्या बर्फासारखे मऊ, जिभेवर क्षणभर टिकून नाहीसे होणारे पांढरे लिंबू होते. बाजारातल्या गोटीच्या बाटलीतले लेमन, ज्याची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली पेटंट केली आणि जिची गोटी काढण्यासाठी आम्ही पोरांनी कित्येक बाटल्यांचा बळी दिला, ते या पदार्थापुढे पुढील अनेक वर्षे तोंड वर काढू शकले नाही. काका अद्यापही हा पदार्थ आपणच औशात आणला असे सांगतात. बंगाली मिठाईचे श्रेय मात्र त्यांनी उदारपणे आजीला दिलेले आहे.

आजी गेली, वाडा वाटण्यांत गेला, किल्लारीच्या १९९३ सालच्या भूकंपाने उरलेल्या भिंतींस चिरा पाडल्या, आणि तरीही उन्हाळ्यात औशास जमण्याची आमच्या लोकांची खोड मोडली नाही. २०१६ साली तर मराठवाडा असा कोरडा पडला होता की, येणाऱ्याने कपड्यांच्या पिशवीबरोबर पाण्याचा एक कॅन आणावा, असा निरोपच देण्यात आला. त्या वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी लातूरला आली. दहा टाक्या, पाच लाख लिटर. अडीच फुटी रुळांच्या जागी रुंद रूळ आले होते, पण वाट तीच, कुर्डुवाडीवरून बार्शीवरून येणारी. अक्षय्य तृतीयेस आम्ही जमलो तेव्हा पंच्याऐंशी ओलांडलेल्या आत्याने ओटीवर बैठक मारून बजावले, "माझ्या सासरचं पाणी आता माझ्या माहेरी यायलंय. आतातरी आमच्या माणसांचा मानपान नीट करा."

मिरजेच्या पाण्याचा सन्मान करावा तर सरबत झाले पाहिजे, आणि झाले तर ते आजीच्याच प्रमाणाने झाले पाहिजे, यावर एकमत झाले. परंतु आजीचे प्रमाण काय, यावर नाही. कागदोपत्री दाखला नव्हता. आजोबांच्या वह्यांत कल्हईच्या मजुरीपासून बर्फाच्या तुटीपर्यंत सर्व होते, सरबत नव्हते. तेव्हा साक्षी घेण्याचे ठरले, आणि काकांनी आजोबांच्या जागी बसून जाबजबाब सुरू केले. आत्याच्या यजमानांनी शपथेवर सांगितले की, सासूबाईंचे सरबत दाट, केशरी आणि इतके गोड असे की दुसरा पेला घेववत नसे. काकांना ते आंबटगोड आणि भरपूर आठवत होते. बिदरकडच्या मंडळींनी वेलचीचा मुद्दा लावून धरला. आम्ही त्या काळच्या पोरांनी ते मुळात पाणीच होते, असा संयुक्त जबाब दिला, आणि आमच्यात जो रांगेच्या शेपटाला उभा राहत असे त्याने लिंबाचाही इन्कार केला.

मग कोणास तरी सुचले की, ज्या मोठ्या काकूंनी प्रत्यक्ष लिंबे पिळली त्या तर समोरच बसल्या आहेत.

"कडू," काकू म्हणाल्या.

"कडू कसं असेल, काकू? आजी तर एक बी पडू देत नव्हती!"

"तुमच्या पेल्यात नव्हती पडू देत. निवडलेल्या बिया एका वाटीत पडायच्या, त्यांच्या अंगचा रस वाया जाऊ नये म्हणून त्याच वाटीत पाणी घालून आम्ही दोघी जावा प्यायचो. वर तुमची भांडी विसळायची असायची, म्हणून पटकन प्यायचो. मला तर सगळी माणसं त्या सरबताची एवढी तारीफ कामून करायलीत, हेच कळायचं नाही."

अध्यक्षस्थानावरून काकांनी घसा साफ केला, तहकुबीचा प्रस्ताव मांडला, आणि तो फेटाळला गेला. फेटाळला तो काकूंनीच. त्यांनी झोपाळ्यावर बैठक हलविली, विळी व परडी जावयांपुढे सरकवायला लावली, आणि कारवाई तत्काळ व्हावी असा हुकूम केला. पंच्याऐंशीच्या घरातले आत्याचे यजमान आणि त्र्याऐंशीचे काका विळीच्या दोन बाजूंस बसले. पहिले लिंबू उभे चिरले गेले, त्यावरून दोघांत जुंपली, दुसरे आडवे चिरले गेले, बी रसात पडली, ती चमच्याने शोधण्यात बराच वेळ गेला, आणि अखेर पहिला पेला, चांदीचा नसल्यामुळे स्टीलचा, काकूंकडे रवाना झाला. त्यांनी एक घोट घेतला, साखर कमी असल्याचा शेरा मारला, आणि पेला फेरतपासणीसाठी परत पाठविला. दुरुस्त होऊन आला तर मीठ कमी निघाले. मीठ घालून आला तर त्यात केशर कोठे आहे, अशी विचारणा झाली. केशर नाही असे कळताच, आहे त्या पेल्याचा निकाल राखून ठेवून त्यांनी विळीकडे बोट दाखविले आणि आणखी सहा लिंबे मंजूर केली.